शेवटच्या कडव्यातलं नाव

१३ एप्रिलच्या रात्री नवी मुंबईच्या ऐरोली-दिघा पट्ट्यात बाराच्या आधी झोपू म्हणणारा माणूस एक तर नवा भाडेकरू असतो, नाही तर बहिरा. गेल्या आंबेडकर जयंतीला आमच्या चौकात बाराच्या ठोक्याला फटाके झाले, निळा गुलाल उडाला आणि डीजेवर लोककवी वामनदादा कर्डकांचं एक गाणं लागलं. ढोलकीच्या जागी धडधडणारा बीट, पेटीच्या जागी कीबोर्डची शिट्टी, शब्द मात्र तेच. शेजारच्या इमारतीतला इंजिनिअरिंगचा एक पोरगा माझ्या बाजूला उभा होता. त्याने मोबाइल वर धरून गाणं ओळखायला लावलं. पडद्यावर गायकाचं नाव आलं, कंपनीचं आलं, रिमिक्स करणाऱ्या डीजेचंही आलं. ‘काका, लिहिलंय कोणी?’ त्याने ओरडून विचारलं, कारण बोलून ऐकू येण्याची सोयच नव्हती. मीही त्याच्या कानात ओरडलो, ‘शेवटच्या कडव्याला थांब. त्यात नाव येईल.’

आम्ही थांबलो. दोन कडवी झाली, धृपद आलं, बीट एकदम बंद पडून पुन्हा कोसळला, पोरं उड्या मारायला लागली आणि पुढचं गाणं सुरू झालं. शेवटचं कडवं आलंच नाही.

आपल्याकडे कवी गाण्यात स्वतःचं नाव घालतो ते मिरवायला नव्हे. ‘तुका म्हणे’, ‘एका जनार्दनी’, लावणीच्या शेवटी येणारा होनाजी बाळा, राम जोशी, ही सगळी गाण्याच्या सातबाऱ्यावरची नोंद आहे. कागद नाही, छापखाना नाही, वकील तर नाहीच. गाणं तोंडातोंडी जाणार, मग मालकाचं नाव गाण्याच्याच पोटात शिवून टाकायचं. वामनदादांनी हेच केलं. शेवटच्या कडव्यात ‘वामन’. त्यांच्या एका संग्रहाचं नावच ‘हे गीत वामनाचे’ असं आहे. वयात आल्यावर मुळाक्षरं गिरवलेल्या माणसाला नाव कुठे लिहून ठेवलं म्हणजे ते पुसलं जाणार नाही, याची आपल्यापेक्षा चांगली जाण होती.

पुसलं कोणी? मी एकट्या डीजेला दोष देणार नाही. हे काम फार आधी सुरू झालं. आपल्याकडे १९०२ पासून तबकड्यांवर गाणी भरायला लागली आणि जुन्या लाखेच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांची होती. तासभर चालणारा पोवाडा तिच्यात कोंबायचा तर दोन बाजूंवर ‘भाग १’, ‘भाग २’ करा आणि उरलेलं सोडून द्या. कापायचं तर माणूस शेवटून कापतो. सुरुवात कापली तर गाणं ओळखूच येत नाही. म्हणजे ज्या जागी कवीने नाव ठेवलं, नेमकी तीच जागा कात्रीखाली. पुढे कॅसेटला तीस मिनिटांची बाजू मिळाली, पण एका बाजूला पाच-सहा गाणी बसली तर कॅसेट खपते, हा हिशेब आला. आता तीस सेकंदांच्या रीलमध्ये धृपद बसलं तरी पुष्कळ.

वामनदादा १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले, मुंबईत गिरणीत राबले, १९४३ साली त्यांनी पहिलं गाणं केलं आणि २००४ साली गेले. एकसष्ट वर्षं. स्वतः लिहायचं, स्वतः चाल बांधायची, स्वतः गायचं आणि वर दुसऱ्यांनाही गायला देऊन टाकायचं. हजारो गाणी. १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’ या चित्रपटातही त्यांचं गाणं आहे. आता मला कोणी सांगावं: या माणसाचं ध्वनिमुद्रित काम, त्याच्या स्वतःच्या आवाजातलं आणि इतरांच्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमाने ऐकायचं असेल तर मी ऐरोली स्टेशनवरून कुठली गाडी पकडू?

गाणं टिकवायला लोक समर्थ आहेत. त्यासाठी सरकार नको, अनुदान नको, माझा लेखही नको. जयंतीला, हळदीला, बारशाला गाणं आपोआप टिकतं. टिकत नाही ते काम. एका माणसाने साठ वर्षांत काय काय केलं, कधी केलं, आधी काय आणि मग काय, कोणाबरोबर, कुठलं फसलं, कुठलं त्याने पुन्हा उचलून दुरुस्त केलं, हे लोकांच्या ओठांवर राहत नाही. ते कोणीतरी नेमून, पगार घेऊन, रजिस्टर घालून सांभाळावं लागतं. आपण गायकांच्या, शाहिरांच्या बाबतीत हे केलेलं नाही आणि न करण्याची लाजही बाळगलेली नाही.

पुस्तकांच्या बाबतीत हेच आपल्याला बरोबर कळलं होतं. मराठीत ‘समग्र वाङ्मय’ हा शब्द घरोघरी माहीत आहे. तुकोबांची गाथा तर वारकऱ्यांच्या तोंडी होतीच, तरी वह्या गोळा करून, पाठ ताडून, सरकारी मदत घेऊन ती १८६९ पासून छापली गेली. ‘लोकांना पाठ आहे की, कशाला छापता?’ असं म्हणणारे तेव्हाही असतीलच. महात्मा फुल्यांचं समग्र वाङ्मय राज्याने काढलं. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली यायला लागले. आमच्या नानांनी, म्हणजे वडिलांनी, त्यातला पहिला खंड आणला तेव्हा घरात इंग्रजी वाचणारं कोणी नव्हतं, तरी तो टीव्हीवर पितळी फुलदाणीशेजारी उभा होता. समग्र म्हणजे काय, हे त्या फुलदाणीशेजारच्या खंडाने मला शिकवलं: चांगलं तेवढं निवडून नव्हे, सगळं. ‘समग्र वाङ्मय’ आहे, मग ‘समग्र गाणं’ का नाही?

आणि हा प्रश्न ठाण्यात विचारायलाच हवा. १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं. विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या सोबत्यांच्या डोक्यात जे होतं ते आजही धाडसाचं वाटतं: मराठीत छापलेलं पुस्तक, मग ते थोर असो की फुटकळ, एका ठिकाणी मिळालं पाहिजे. निवड नंतर करता येते, आधी गोळा करा. हा विचार ज्या गावात सव्वाशे वर्षांपूर्वी झाला, त्या गावात आवाजाबद्दल तो करायला एवढा उशीर का झाला, हे मला खरोखर कोडं वाटतं.

आता नानांच्या खोक्याबद्दल सांगतो. मी काही अभ्यासक नाही, या विषयात पडलो तो त्या खोक्यामुळे.

नाना ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत पाळीवर होते. सगळा नाद भीमगीतांचा आणि गायन पार्ट्यांचा. कळवा, विटावा, दिघा, रबाळे, कुठे दोन पार्ट्यांचा गाण्याचा सामना असला की हे टेपरेकॉर्डर घेऊन पहिल्या रांगेत. ते गेल्यावर माळ्यावर चपलांच्या खोक्यात ४३ कॅसेट मिळाल्या. काही विकतच्या, काही दुकानातून भरून आणलेल्या, बाकी त्यांनी स्वतः भरलेल्या. प्रत्येकीवर बॉलपेनने तारीख, गाव, पार्टीचं नाव, जागा उरली तर ढोलकीवाल्याचं नाव. चौथी पास माणूस. आज मोठमोठ्या ॲपवर जी माहिती नसते ती या माणसाने डबीतल्या कागदाच्या पाठीवर लिहून ठेवली होती.

पहिली कॅसेट लावली तर आवाज रजईखालून आल्यासारखा. टेप खराब झाली असं समजून मी ती बाजूला ठेवली. मग ठाण्यात जुने डेक दुरुस्त करणारे एक गृहस्थ भेटले, त्यांनी हसून टेप जिला घासून वाजते त्या हेडच्या बाजूचा बारीक स्क्रू दाखवला. म्हणाले, तुमच्या वडिलांच्या टेपरेकॉर्डरचं हेड जरा तिरकं असणार. भरताना तिरकं तर वाजवतानाही तेवढंच तिरकं पाहिजे. स्क्रू केसभर फिरवला आणि टाळ एकदम समोर आले. पेटीच्या भात्याचा श्वास, गायकाचं खाकरणं, मागे खाडीपुलावरून गेलेली लोकल. ते गृहस्थ सत्तरीचे आहेत. त्यांच्यानंतर तो स्क्रू कोण फिरवणार? गाणी आपण वाचवू, पण वाजवणारा डेक आणि दुरुस्त करणारा हात आधी संपेल. म्हणून ‘बघू कधीतरी’ हे उत्तर इथे चालत नाही. या खाडीकाठच्या हवेत दर पावसाळ्यात टेपच्या कडेला पांढरी बुरशी चढते, दाबपट्टीचा फेल्ट गळून पडतो. चढलेली बुरशी पुसता येते, पण तिच्याखाली टेपच खराब झाली असेल तर त्याला इलाज नाही.

तर त्या खोक्यात एक गाणं तीनदा आहे. एकदा विकतच्या कॅसेटवर, दोन कडव्यांचं. एकदा कळव्याच्या सामन्यात, पाच कडव्यांचं, शेवटी ‘वामन’ आहे. तिसऱ्यांदा रबाळ्याच्या दुसऱ्या पार्टीने गायलेलं, त्यात शेवटचं कडवं आहे पण ‘वामन’च्या जागी गायकाने बिनदिक्कत स्वतःचं नाव घातलंय! मी तर खो-खो हसलो. पण जरा विचार केला तर तीन कॅसेटमध्ये नावाची तिन्ही हालत दिसते: कापलेलं, राखलेलं, ढापलेलं. एकच आवृत्ती ऐकली असती तर मला यातलं काही कळलं नसतं. तिन्ही शेजारी शेजारी ठेवल्या म्हणून कळलं, आणि त्या कधीच्या ते नानांनी लिहिलं होतं म्हणून.

कोणी म्हणेल, हे सगळं यूट्यूबवर आहे. आहे, आणि ज्यांनी चढवलंय त्यांना माझा दंडवत. त्यांच्याशिवाय अर्धं काम आजच अंधारात असतं. पण यूट्यूब हा बाजार आहे, कोठार नव्हे. आज आहे, उद्या कोणा कंपनीने हक्क सांगितला की उडालं. चढवणाऱ्याने शीर्षकात जे लिहिलं ते ब्रह्मवाक्य. मी एका शाहिराच्या गाण्यावर दुसऱ्याच शाहिराचा फोटो पाहिला आहे आणि खाली दोनशे लोक त्या फोटोला अभिवादन करून गेलेले. सालाचा पत्ता नसतो. माणूस पंचविशीत गातोय की साठीत, हे माहीत नसताना त्याचं गाणं ऐकणं म्हणजे तारखा फाडलेली पत्रं वाचणं. ॲपवर तर ‘कलाकार’ म्हणून गायकाचं नाव असतं. गीतकार कुठेतरी आत, दोनदा बोट दाबल्यावर, आणि जुन्या मराठी गाण्यांना बहुधा तिथेही रिकामं.

जो स्वतः लिहितो आणि स्वतः गातो त्याच्या बाबतीत साल माहीत असणं जास्तच गरजेचं. त्याच्या ओळीची लांबी त्याच्या दमावर ठरते. उमेदीत एका श्वासात पूर्ण ओळ मारणारा माणूस म्हातारपणी तीच ओळ मध्ये तोडतो आणि कोरसला हात करतो. मग नव्या गाण्यांतल्या ओळीच आखूड होतात, कोरसचं काम वाढतं. समीक्षक याला शैलीतला बदल म्हणतील. तो फुप्फुसातला बदल असतो. हे छापील संग्रहात दिसणारच नाही, ‘निवडक वीस गाणी’त तर मुळीच नाही. त्यासाठी फसलेली गाणीही ऐकावी लागतात. आणि फसलेली पुष्कळ असतात, उगाच देव्हारा मांडायला नको. आपल्या शाहिरांनी कुटुंबनियोजनापासून अल्पबचतीपर्यंत सगळ्यांवर गाणी केली. काही ऐकवत नाहीत. निवडणुकीची तर विचारूच नका. पण वामनदादांचं पहिलं गाणं म्हणजेही सिनेमाच्या चालीवरचं विडंबन होतं. ते कोणी ‘फुटकळ’ म्हणून फेकलं असतं तर पुढच्या माणसाची सुरुवातच हरवली असती.

निवडीने माणूस कसा हरवतो याचा सगळ्यात मोठा दाखला शाहीर साबळे. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ म्हटलं की साबळे, आणि २०२३ मध्ये ते राज्यगीत झाल्यापासून तर शाळाशाळांत. पण त्याचे शब्द राजा बढ्यांचे, संगीत श्रीनिवास खळ्यांचं. म्हणजे जो माणूस स्वतः लिहायचा, ज्याने मुक्तनाट्यं उभी केली, ‘आंधळं दळतंय’सारखं वग-वळणाचं काम रंगमंचावर आणलं, तो लोकांच्या लक्षात राहिला तो दुसऱ्याने लिहिलेल्या, तिसऱ्याने चाल दिलेल्या गाण्याने. गाणं थोर आहे, वादच नाही. पण ते साबळ्यांच्या घराचं दार आहे आणि आपण दारातूनच नमस्कार करून परत फिरतो. लोकशाहीर विठ्ठल उमपांचंही तेच. २०१० साली नागपुरात कार्यक्रमातच कोसळले तेव्हा सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली, त्यांच्या आवाजाची फेक किती, ‘जांभूळ आख्यान’ काय, यावर भरभरून लिहिलं गेलं. त्यांनी आयुष्यभरात काय काय ध्वनिमुद्रित केलं याची यादी मात्र त्या लेखांत शोधून सापडत नाही.

परदेशातलं उदाहरण देणं मला आवडत नाही, पण एक देतोच. स्वतः लिहून स्वतः गाणारा अमेरिकेतला बॉब डिलन, त्याची पहिली तबकडी १९६२ ची. १९९१ पासून त्याची न वापरलेली, अर्धवट, पुन्हापुन्हा घेतलेली ध्वनिमुद्रणं खंडाखंडाने बाहेर येताहेत. २०१६ ला साहित्याचं नोबेल, २०२२ ला टल्सा नावाच्या गावात त्याच्या कागदपत्रांचं आणि आवाजाचं केंद्र. डिलनचा चाहता एखाद्या गाण्याची कुठली ओळ कुठल्या दिवशी बदलली ते सांगू शकतो. अर्थात तिथे मोठी कंपनी आहे, तिला त्यात पैसा दिसतो. आपल्या शाहिराच्या तिसऱ्या प्रयत्नाच्या टेपमध्ये कोणाला पैसा दिसणार? म्हणून तर हे काम सार्वजनिक पैशातून व्हायला हवं. ज्यात नफा आहे ते बाजार करेलच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो आमच्याच लोकांचा आहे. एका जुन्या गायकांनी मला सुनावलं: ‘दादांनी गाणी वाटली. कधी हिशेब ठेवला नाही. तू कोण यादी करणारा? गाणं लोकांचं आहे.’ मला क्षणभर उत्तर सुचलं नाही, कारण ते खरं बोलत होते. जलशाची, सामन्याची परंपराच अशी की कोणीही गावं, कोणीही कडवं जोडावं. पण वाटून टाकणं वेगळं आणि कोणी वाटलं हे विसरणं वेगळं. ज्याने विहीर खोदून गावाला दिली त्याचं नाव काठावरच्या दगडावर असतं; त्याने पाणी काही कमी होत नाही. आणि यादीने गाणं गोठतं हेही मला पटत नाही. यादीत तिन्ही आवृत्त्या राहतील, नाव ढापणाऱ्यासकट.

राहिला कायदा. लोकांचा समज असा की जुनी कॅसेट संगणकावर घेतली की पोलीस येणार, म्हणून ग्रंथालयं हात लावत नाहीत. वस्तुस्थिती जरा बरी आहे. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षं. म्हणजे १९६० पर्यंतच्या तबकड्यांवरचा कंपनीचा हक्क संपून गेला आहे. कवी आणि संगीतकाराचा हक्क मात्र त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. वामनदादांच्या शब्दांचा २०६४ अखेरपर्यंत, आणि तो राहावाच, वारसांना चार पैसे मिळावेतच. पण २०१२ च्या दुरुस्तीत एक छोटं कलम आलं: नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखादी कृती मूळ रूपात असेल, तर जतनासाठी ती संगणकीय रूपात साठवायला मुभा आहे. जतनासाठी, वाटण्यासाठी नव्हे. म्हणजे ग्रंथालयाच्या कपाटात कॅसेट हवी. आणि तिथेच घोडं पेंड खातं. कारण १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला आपल्या पुस्तकाच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांकडे पाठवाव्या लागतात, त्यात कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आहे, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय आहे. तबकडीला, कॅसेटला असं बंधनच नव्हतं. चार आण्याची आरत्यांची पुस्तिका कायद्याने जमा व्हायला हवी होती, आणि लाखभर खपलेल्या कॅसेटची एक प्रत जमा करा म्हणणारं कोणी नव्हतं.

बरं, काही ठिकाणी कपाटात कॅसेट होत्याही. एका सार्वजनिक वाचनालयात मी विचारायला गेलो, तर तिथल्या बाईंनी सरळ सांगितलं, ‘होत्या हो दोन पेट्या. रंगकामाच्या वेळी भंगारात गेल्या.’ त्यांच्या आवाजात अपराधीपणा नव्हता, आणि का असावा? पुस्तक रद्दीत घालायचं तर ठराव लागतो, निर्लेखनाची, म्हणजे रजिस्टरमधून कमी केल्याची, नोंद लागते. कॅसेट रजिस्टरला चढलेलीच नव्हती. जे रजिस्टरला नाही ते हरवतही नाही.

खर्चाचं तर मी गणितच मांडतो. जतनासाठी चांगल्या दर्जाने भरलेला एक तासाचा आवाज साधारण दोन जीबी होतो. हजार कॅसेट म्हणजे दोन टीबी. ती डिस्क शर्टाच्या खिशात मावते. खरा खर्च वेळेचा: तासाची कॅसेट भरायला तासच लागतो, तिला घाई कळत नाही. दिवसाला सहा तास धरले तर हजार कॅसेटना एक माणूस आणि सुमारे १६७ दिवस. दोन डेक, एक माणूस, एक वर्ष, वरून नोंदी करणारा एक जाणकार. महापालिका एका महोत्सवाच्या मांडवावर किती खर्च करते, ते ज्याने त्याने आपल्या वॉर्डातल्या माणसाला विचारावं.

ठाण्याला तर सबबच नाही. पी. सावळाराम ठाण्याचे. १९१४ चा जन्म, १९९७ ला गेले, शहराचे नगराध्यक्षही होते. ते गायक नव्हते, कवी होते, पण त्यांचं सगळं काम तबकडीवरचंच. ‘गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का’ लागलं की लग्नाच्या हॉलमधला केटरिंगवालाही क्षणभर थांबतो. त्यांच्या नावाने दरवर्षी पुरस्कार दिले जातात, शाल-श्रीफळ होतं. चांगलंच आहे. पण एखाद्या शाळकरी मुलीने म्हटलं, मला सावळारामांची सगळी गाणी सालवार ऐकायची आहेत, तर बोट दाखवावं असं एकही ठिकाण माझ्या पाहण्यात नाही. ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळाने मराठी गाण्यांचे शब्द, गीतकार, संगीतकार, गायक अशी नावं व्यवस्थित लावून ठेवली आहेत. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सची मंडळी १९९० पासून पदरमोड करून तबकड्यांच्या याद्या करताहेत. हौशी माणसांनी एवढं केलं. ज्यांच्याकडे इमारत, बजेट आणि शिपाई आहेत त्यांनी पुतळ्याच्या चौथऱ्यापुढे विचार करू नये, याला काय म्हणावं.

मला संग्रहालय नको आहे. काचेतला डफ, मेणाचा शाहीर, बटण दाबलं की वाजणारं धृपद, हे तर अजिबात नको. ऐरोलीत सेक्टर १५ ला बाबासाहेबांचं स्मारक आहे, तिथे ग्रंथालय आहे. त्यात एक खोली, चार हेडफोन, एक डेक आणि एक जाडं रजिस्टर द्या. ठाण्यात ग्रंथसंग्रहालयाने आपल्याच १८९३ च्या विचाराला आवाज जोडावा. राज्याने १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदानासाठी ग्रंथालयाचा वर्ग ठरवताना पुस्तकांबरोबर ध्वनिमुद्रणंही मोजावीत. एकदा मोजणी सुरू झाली की कॅसेट भंगारात जात नाही, हा सरकारी कागदाचा गुण मला मान्य आहे. आणि पहिलं काम डिजिटायझेशनचं नव्हे, यादीचं. कोणाच्या घरात काय आहे, एवढं तरी लिहून घ्या. ऐरोली, कोपरखैरणे, बेलापूर, पनवेलच्या गावठाणांतही अशीच खोकी असतील. आगरी-कोळी गायकांनी स्वतः लिहून, स्वतः पैसे घालून काढलेल्या कॅसेट, हळदीला गाणाऱ्या धवलारणींचे धवले कोणा भाच्याने भरून ठेवलेले. ती माणसं उतारवयात आहेत आणि घरं रिडेव्हलपमेंटला चालली आहेत. घर रिकामं करताना पहिलं काय फेकतात, ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

तोवर मी माझं खोकं करतोय. ४३ पैकी २६ कॅसेट झाल्या. त्या इंजिनिअरिंगच्या पोराने मला नोंदींसाठी तक्ता करून दिला: गाणं, कवी, चाल, गायक, साथ, गाव, तारीख, कडवी किती, शेवटी नाव आहे का. शेवटचा रकाना त्यानेच सुचवला.

एक जागा अडली आहे. कॅसेट १७, बाजू ब, चौथं गाणं. नानांनी ‘विटावा, १९८८, रात्री’ एवढंच लिहिलंय. एक बाई गाते, आवाज जाडसर, उच्चार खणखणीत, आणि कडवी सहाच्या सहा म्हणते. गाणं सुरू होण्याआधी पेटीवाला पट्टी विचारतो, ‘माई, काळी चारच ठेवू ना?’ आणि ती म्हणते, ‘ठेव की, मी काय म्हातारी झाले?’ मागे लोक हसतात. विटावा, कळवा, दिघ्यातल्या कोणाला ही माई आठवत असेल तर सांगा. गायिकेचा रकाना रिकामा आहे.